रणापासून खाडीपर्यंत : नेरुळच्या एका भिंतीचे प्रकरण

नवी मुंबईत रंगवलेल्या भिंतींना तोटा नाही. उड्डाणपुलांचे खांब, शाळांची कुंपणे, स्टेशनाबाहेरच्या भिंती, जिथे पाहावे तिथे गुलाबी पक्षी. महापालिकाही शहराची ओळख ‘फ्लेमिंगो सिटी’ अशी करून देते. तेव्हा सारसोळे ते करावे या पट्ट्यातल्या एका सोसायटीने आपल्या कुंपणाच्या भिंतीवर खाडीतले जीव रंगवायचे ठरवले, यात नवल नव्हते. लिहून ठेवण्यासारखे आहे ते पुढचे. रंगवायला लागला त्याहून जास्त वेळ काय रंगवायचे हे ठरवायला लागला, आणि तो दिला म्हणूनच भिंत तिथल्या लोकांची झाली. मी चित्रकला शिकवते. रेखाटने आणि रंगांचे काम माझ्याकडे होते, त्यामुळे हे सगळे मी जवळून पाहिले.

भिंत सुमारे सव्वाशे फूट लांब, सात फूट उंच. पामबीच मार्ग ओलांडला की पलीकडे खारफुटी. भिंतीवर शिकवण्यांच्या जाहिराती, वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फलक आणि पानाच्या पिचकाऱ्या. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत विषय निघाला तो स्वच्छतेचा, खाडीचा नव्हे. चित्र काढले की लोक थुंकत नाहीत, एवढाच मुद्दा होता. ठराव झाला, विभाग कार्यालयात माहितीचे पत्र दिले, वर्गणी ठरली. रंगाचा सगळा खर्च उचलायला एक दुकानदार तयार होता, पण त्याला भिंतीच्या मधोमध दुकानाचे नाव हवे होते. सभेने नाही म्हटले. खर्च वर्गणीतूनच करायचा, हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो, कारण पुढे प्रत्येक वादात “भिंत आपली आहे” हे सगळ्यांनाच हक्काने म्हणता आले.

पहिले रेखाटन

तरुण मंडळींनी मोबाइलवर एक चित्र शोधून आणले. भडक केशरी-लाल पक्षी, मागे नारळाची झाडे, मावळता सूर्य. देखणे होते. पण तो अमेरिकन फ्लेमिंगो, कॅरिबियन बेटांकडचा. आपल्या खाडीत तो कधी उतरत नाही.

आपल्याकडे येतात ते फ्लेमिंगो, म्हणजे रोहित, दोन जातींचे, मोठा रोहित आणि छोटा रोहित. मोठा चार फुटांच्या आसपास उंच, अंग बरेचसे पांढरे, त्यावर गुलाबी झाक, चोच फिकट गुलाबी आणि टोकाला तेवढी काळी. छोटा जेमतेम तीन फूट, अंगाने अधिक गुलाबी, चोच इतकी गर्द तांबडी की लांबून काळीच वाटते. ठाणे खाडीच्या थव्यांत भरणा छोट्यांचा. उभे असताना सगळे गुलाबी दिसतात, पण थवा उठला की पंखांच्या मागच्या कडेचा काळा रंग एकदम उघडा होतो. भिंतींवर रंगवलेल्या पक्ष्यांत हा काळा बहुधा नसतो आणि त्याच्याशिवाय उडता रोहित खोटा दिसतो. पायांचेही तसेच. मधे उलटा वाकलेला दिसतो तो गुडघा नव्हे, घोटा आहे. खरा गुडघा वर पिसांत झाकलेला. मुलांनी हे एकदा समजून घेतले आणि पाय आपोआप बरोबर जागी वाकू लागले.

रेखाटन दुरुस्त झाले, गेटजवळ लावले आणि खरी चर्चा तिथून सुरू झाली. रोज सकाळी सारसोळ्याहून मासळी घेऊन येणाऱ्या एक मावशी आहेत. पाटी खाली ठेवून त्यांनी कागद नीट पाहिला आणि म्हणाल्या, “पक्षी येतात नि जातात. निवटी बारा महिने हाय. ती कुठं हाय?”

त्या एका प्रश्नाने भिंतीचा बेत बदलला. तोवर भिंतीवर फक्त पाहण्याजोगे पाहुणे होते, राहणारे कोणीच नव्हते. मग सोसायटीतले काही जण आणि मुले जेट्टीवर गेली, आणि तिथल्या लोकांना विचारून यादी केली. निवटी (चिखलावर वावरणारा मासा), चिंबोरी, बोय, जिताडा, कोलंबी, कालवं, शिवल्या. झाडांत तिवर, चिप्पी, कांदळ. पांढरी चिप्पी २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे, हे तिथे कोणाला माहीत नव्हते, पण तिची फुले रात्री उमलतात आणि सकाळी खाली पांढऱ्या केसरांचा सडा पडलेला असतो, हे सगळ्यांना माहीत होते. पक्ष्यांत बगळे, शेकाटे, खंड्या, हिवाळ्यातले कुरव. आणि कोल्हा. सोसायटीतल्या बऱ्याच जणांना आपल्या घरापासून हाकेच्या अंतरावर कोल्हा राहतो हे पटेना. रात्रपाळीच्या वॉचमनने मात्र कोल्हेकुई ऐकली होती. मुंबई-नवी मुंबईच्या कांदळवनांत सोनेरी कोल्हा राहतो, ओहोटीला चिखलात उतरून खेकडेही खातो.

यादी करताना गावातल्या एका आजोबांनी एक अट घातली, ती मी वहीत लिहून घेतली. चित्रात पाणी नुसते निळे दाखवायचे नाही. खाडी दिवसातून दोनदा भरते आणि दोनदा ओसरते, आणि चिखल उघडा पडतो तेव्हाच सगळ्यांचे पोट भरते, माणसांचेही आणि पक्ष्यांचेही. म्हणून भिंतीच्या उजव्या भागात निळा रंग कमी आणि चिखलाचे करडे, तपकिरी, हिरवट रंग जास्त आहेत. काही रहिवाशांना ते मळकट वाटले. मला तोच भिंतीचा सगळ्यात खरा भाग वाटतो.

रणाचा प्रश्न

दुसरा वाद डाव्या टोकाचा. तिथे तीसेक फूट जागा उरली होती आणि तिथे काय काढायचे यावर एकमत होत नव्हते. सोसायटीत एक कच्छी काका राहतात. आयुष्य वाशीच्या धान्य बाजारात गेले, मूळ गाव भचाऊ तालुक्यात, खडीरकडे. त्यांनी सभेत सांगितले की तुम्ही ज्यांना आपले पक्षी म्हणता ते जन्माला आमच्या वाळवंटात येतात. तुम्ही त्यांचे अर्धेच आयुष्य काढता आहात.

आक्षेप लगेच आला. नेरुळच्या भिंतीवर कच्छचे रण कशाला? उद्या कोणी राजस्थानचे उंट मागेल. आक्षेप चुकीचा नव्हता. स्थानिक जीवांची भिंत म्हणून पैसे गोळा केले होते. पण काकांची बाजूही भक्कम होती. भारतात रोहितांची प्रजननाची मुख्य जागा कच्छचे रण. पावसाळ्यात मोठ्या रणात उथळ खारे पाणी पसरते, ते टिकले तर पक्षी चिखल चोचीने ओढून बुटके बुरुज रचतात आणि वरच्या खोलगट जागेत एकच अंडे घालतात. तिथल्या मोठ्या वसाहतीला पक्षीअभ्यासक ‘फ्लेमिंगो सिटी’ म्हणतात. पक्षीशास्त्रज्ञ सलीम अलींनी १९४५ मध्ये तिच्यावर लिहिले होते, म्हणजे नवी मुंबई कागदावरही नव्हती तेव्हा. पाणी आटू लागले की थवे निघतात आणि त्यांतले पुष्कळ हिवाळ्यात ठाणे खाडीत उतरतात, मे अखेरपर्यंत राहतात. खडीर ते नेरुळ सरळ रेषेत सहाशे किलोमीटरच्या आसपास. चांगल्या वर्षी खाडीतली संख्या लाखाच्या वर जाते.

म्हणजे डावीकडे रण काढले नाही, तर भिंतीवर पिल्लू कुठेच येणार नव्हते. या मुद्द्यावर सभा वळली. ठराव असा झाला : डाव्या टोकाला रण, उजवीकडे खाडी, मधल्या भागात उडते थवे. रणात येणारा प्रत्येक प्राणी तिथलाच हवा, शोभेसाठी कोणी नको. उंट वगळले.

ही शेवटची अट पाळायला अभ्यास लागला. रानगाढव, म्हणजे कच्छी लोकांचे घुडखर, मुलांना सगळ्यात आवडले. पण त्यांचा मुख्य वावर छोट्या रणात, तर रोहितांची ती मोठी वसाहत मोठ्या रणात. दोघांना शेजारी उभे केले असते तर चित्र सुंदर होऊन चुकीचे झाले असते. म्हणून मधे गवताळ बेट काढले. रणातल्या अशा उंचवट्यांना बेटच म्हणतात, पावसाळ्यात चहूकडे पाणी भरले की जनावरे तिथे आसरा घेतात. बेटाच्या अलीकडे घुडखरांचा कळप, पलीकडे दूरवर घरट्यांचे बुरुज. घुडखराच्या पाठीवर मानेपासून शेपटीपर्यंत गडद पट्टा जातो, पोट पांढरे, बाकी अंग वाळूच्या रंगाचे. वाळवंटी कोल्ह्याच्या जातीतली रणातली खोकड काढताना शेपटीचे टोक पांढरे ठेवायचे, कारण आपल्या माळरानावरच्या खोकडाचे टोक काळे असते. सांडा बिळाच्या तोंडाशी बसवला. हा मोठा काटेरी शेपटीचा सरडा मुख्यतः पाला-गवत खातो, आणि त्याच्या चरबीच्या तेलाच्या खुळापायी त्याला मारतात. ही गोष्ट मुलांना सांगितल्यावर सांडा कोण रंगवणार यावरून भांडण लागले, कारण प्रत्येकाला तोच हवा होता.

पिल्ले करडी काढली. रोहिताचे पिल्लू करडे जन्मते, त्याची चोच तेव्हा सरळ असते, बाक नंतर येतो. गुलाबी रंग खाण्यातून येतो, पाण्यातल्या सूक्ष्म शेवाळातून आणि बारीक कोळंबीसारख्या जीवांतून, आणि तो चढायला काही वर्षे लागतात. त्यामुळे भिंतीवर डावीकडून उजवीकडे चालत गेले की पक्षी करड्याचे गुलाबी होत जातात. हे कोणी आधी योजले नव्हते. खरे तेच काढायचे ठरल्यावर ते आपोआप जुळून आले.

भिंतीचे काम

रंगाच्या आधी भिंत. बहुतेक लोकसहभागाची चित्रे दुसऱ्या पावसाळ्यात जातात ती चित्रकारामुळे नव्हे, भिंतीमुळे. खाडीकाठच्या भरावावरच्या भिंतीला लोणा लागतो. जमिनीतली ओल क्षार घेऊन वर चढते, पाणी उडून जाते, क्षार रंगाच्या आत पांढरे फुगतात आणि पापुद्रे काढतात. इथे खालच्या दीडेक फुटाला हेच झाले होते. रंगाऱ्याने तारेच्या ब्रशने सगळे खरवडले, शेवाळ धुतले, पोकळ वाजणारा गिलावा फोडून नवा केला. नव्या गिलाव्यावर लगेच रंग चढवू नये, निदान चार आठवडे सुकू द्यावा. मंडळी घाईला आली होती, कारण दिवाळीनंतर मुलांना सुटी होती. पण रंगाऱ्याने ऐकले नाही, आणि मी त्याच्या बाजूने उभी राहिले. बाहेरच्या भिंतीवर पांढरी पुट्टी घासून गुळगुळीत करण्याचा हट्टही त्याने मोडून काढला. खालच्या दीड फुटात महत्त्वाचे काहीच काढायचे नाही, तिथे नुसता चिखलाचा गडद पट्टा, म्हणजे पापुद्रा निघालाच तर तेवढाच पुन्हा मारता येईल, हे त्याचेच म्हणणे. मजुरी घेऊन आलेल्या त्या कारागिराची दोन वाक्ये आमच्या सगळ्या बैठकांपेक्षा कामाची ठरली.

साडेआठशे-नऊशे चौरस फुटांची भिंत. एक लिटर एक्सटिरियर इमल्शनमध्ये, म्हणजे बाहेरच्या भिंतीच्या रंगात, दोन हात धरून पन्नास ते साठ चौरस फूट होते, म्हणजे आधी प्राइमर आणि मग सोळा-सतरा लिटरचा पाया. चित्राचे रंग पांढऱ्या इमल्शनमध्ये स्टेनर, म्हणजे छटा देणारा घट्ट रंग, घालून तयार केले.

गुलाबीवर थोडे थांबते. बाजारात मिळणारा तयार गुलाबी बहुधा सेंद्रिय रंगद्रव्याचा असतो आणि उन्हात उडतो. दोन-तीन उन्हाळ्यांनी पक्षी पांढुरके होतात. शहरातल्या जुन्या भिंतींवर असे फिकटलेले थवे पाहायला मिळतात. लाल ऑक्साइड मात्र लोहाचा, गेरूच्याच कुळातला, ऊन सोसतो. पांढऱ्यात लाल ऑक्साइड आणि चिमूटभर पिवळा ऑक्साइड मिसळला की किंचित मातकट, विटकरी झाकेचा गुलाबी मिळतो. डबा उघडल्यावर सगळ्यांचे चेहरे पडले, कारण तो मिठाईच्या दुकानातला गुलाबी नव्हता. भिंतीवर लावून रस्त्याच्या पलीकडून पाहिला तेव्हा कच्छी काका म्हणाले, हाच. फक्त पंखांवरच्या लाल पिसांसाठी चढा लाल वापरला, थोड्या जागी, नंतर पुन्हा मारता येईल असा.

मापासाठी गेरूत भिजवलेले सूत मारून फुटाफुटाच्या चौकटी पाडल्या आणि कागदावरचे रेखाटन चौकटीनिशी उतरवले. मोठ्या आकृतींची बाह्यरेषा मोठ्यांनी, आतला रंग मुलांनी. रविवारी सकाळी काम, ऊन चढले की बंद, कारण तापलेल्या भिंतीवर रंग ओढला जात नाही, डाग पडतात.

एका रविवारी मासळीवाल्या मावशी पुन्हा आल्या. आठवीतला एक मुलगा निवटी रंगवत होता. माशासारखा मासा, दोन्ही बाजूंना डोळे. मावशी त्याच्या मागे उभ्या राहिल्या. “डोले वर पायजेत रं, डोक्याव. नि तोंड असं.” म्हणून त्यांनी स्वतःचे डोके डावी-उजवीकडे हलवून दाखवले. मला ते लगेच कळले नाही. निवटी ओल्या चिखलावरून तोंड असे डावीकडे-उजवीकडे फिरवत वरचा बारीक शेवाळाचा थर खरवडून खाते. मुलाने डोळे पुसून डोक्यावर घेतले, बेडकासारखे उठलेले, पाठीवरचा पर उभा केला, त्यावर निळसर ठिपके दिले आणि निवटीच्या तोंडापुढे चिखलात वळणावळणाची खूण ओढली. भिंतीवर सर्वांत जास्त वेळ लोक उभे राहतात ते या निवटीपाशी. मावशी आता गिऱ्हाइकांना सांगतात की ती माझी हाय.

तलावाची चौकट

उजव्या टोकाला शेवटची चौकट मोकळी ठेवली होती. ती कशाची, हे २०२४ च्या उन्हाळ्याने ठरवले होते. भरतीला चिखल बुडतो तेव्हा पक्षी जवळच्या पाणथळ तलावांत येऊन थांबतात. नेरुळचा डीपीएस (दिल्ली पब्लिक स्कूल) शाळेजवळचा तलाव त्यांपैकी एक. त्या वर्षी तलावात येणारे भरतीचे पाणी अडले, पाण्यावर शेवाळाचा थर धरला, आणि त्या काळात तलावाच्या परिसरात फ्लेमिंगो मेले. मुलांपैकी काहींनी मेलेले पक्षी पाहिले होते. ठाणे खाडीचे फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झाले, २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, पण नेरुळचे हे तलाव अभयारण्याच्या हद्दीबाहेर. २०२५ मध्ये राज्याने डीपीएस तलाव संवर्धन राखीव करण्यास मंजुरी दिली. त्यामागे रहिवाशांनी आणि पर्यावरण कार्यकर्त्यांनी केलेला पाठपुरावा आहे.

सभेत काहींचे म्हणणे होते की आनंदाच्या भिंतीवर हे नको. मुलांनी मेलेले पक्षी मागितलेच नव्हते. त्यांना काढायची होती ती पाण्याची वाट. म्हणून त्या चौकटीत खाडी, बांध, बांधाखालून जाणारी उघडी मोरी आणि आत येणारे पाणी आहे, तलावात उभे पक्षी आहेत. खाली एकच ओळ : ‘पाणी इथून येते.’ माझ्या मते सगळ्या भिंतीत हीच चौकट सर्वांत धीट आहे. गुलाबी पक्षी रंगवून शहराला शोभा आणणे सोपे आहे. पक्षी कोणत्या वाटेच्या आधाराने जगतो ते रंगवले की पाहणाऱ्याला ती वाट उघडी आहे का हे विचारावेसे वाटते, आणि तसे विचारणारे आता या सोसायटीत आहेत.

एक पावसाळा गेल्यावर

पाहणी आम्ही दसऱ्याच्या सुमारास केली. रणाचा भाग उत्तम राहिला, तिथे भिंतीवर झाडाची सावली आहे. मधल्या थव्यांचा काळा आणि विटकरी गुलाबी जसाच्या तसा. चढा लाल थोडा उतरला. खालच्या पट्ट्यात तीन ठिकाणी लोणा फुटला, त्यातली एक जागा मोरीच्या चौकटीखालीच, कारण तिथे सोसायटीची पावसाची पन्हळ भिंतीवर सांडते. पन्हळ वळवण्याचे काम आधी व्हायला हवे, नाहीतर रंग कितीही मारा, टिकणार नाही. थुंकणे जवळजवळ थांबले, अपवाद कोपऱ्यावरचा रिक्षा थांब्याजवळचा. तिथे कोलंबी आणि कालवं आहेत, आणि लोकांचे तिकडे लक्षच जात नाही. त्या कोपऱ्यात काय काढावे, हे आता रिक्षावाल्यांनाच विचारायचे ठरले आहे. त्यांच्यातल्या एकाने करावे गावाजवळ पहाटे कोल्हा रस्ता ओलांडताना पाहिला आहे.

दिवाळीनंतर पन्हळ वळेल, मग खालचा पट्टा खरवडून पुन्हा मारायचा. उरलेले डबे झाकणे घट्ट करून वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवले आहेत. सोबतच्या वहीत प्रत्येक रंगाचे प्रमाण लिहिले आहे, एक लिटर पांढऱ्याला किती लाल ऑक्साइड, किती पिवळा. निवटीला कोणी नवा हात मारायचा असेल तर मावशींना आधी दाखवायचे, ही सूचनाही त्याच वहीत पहिल्या पानावर आहे.